घोडा शिकणाऱ्या मुलांच्या मांड्या का सोलतात? खोगीर, कपडे, बसण्याची पद्धत आणि घरचे उपचार

चांदूर बाजार : घोडा शिकायला लागलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी पाय फाकवून चालतं, खाली बसताना तोंड वाकडं करतं आणि घरातले हसतात. ‘घोड्यावर बसला म्हणजे मांड्या सोलणारच, त्यात का होते?’ असं म्हणून विषय संपतो. पण मांड्या सोलणं हा घोडा शिकण्याचा भाग नाही. खोगीर, कपडे, बसण्याची पद्धत किंवा वेळ, यातलं काहीतरी चुकल्याची ती खूण आहे. चूक शोधली तर बहुतेक मुलांना हा त्रास होत नाही, झाला तरी तीन-चार दिवसांत जातो.

आपल्या भागात मुलांचा घोड्याशी संबंध अनेक प्रकारे येतो. परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला गेलं की पर्यटकांना फिरवणारे घोडे दिसतात. लग्नात नवरदेवासाठी घोडी पाळणारी घरं आहेत, त्यांची मुलं चालायला लागल्यापासून घोडीच्या पाठीवर असतात. कोणी हौसेनं सारंगखेड्याच्या किंवा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतून घोडा आणतं. एनसीसीच्या ‘रिमाउंट अँड व्हेटरनरी’ शाखेतही मुलामुलींना घोडेस्वारी शिकवतात. घोडा हौसेचा असो की पोटाचा, कातडी सोलण्याची कारणं सगळीकडे तीच आहेत.

आधी ओळखा : स्नायू दुखतात की कातडी?

पहिल्या स्वारीनंतर दोन वेगळी दुखणी येतात. दोघांचा इलाज वेगळा आहे.

पहिलं दुखणं स्नायूंचं. मांडीच्या आतल्या बाजूचे, कुल्ल्याचे आणि कमरेचे स्नायू एरवी एवढं काम करत नाहीत. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त ठणकतात आणि आठवडाभरात आपोआप बरे होतात. कातडीवर काही दिसत नाही. थोडं चालणं, कोमट पाण्यानं शेकणं आणि एक-दोन दिवस आराम एवढं पुरतं. स्वारी सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून रोज थोड्या बैठका मारल्या, तळव्याला तळवा लावून मांडी मोकळी करण्याचा व्यायाम केला तर हे दुखणं फार कमी होतं.

दुसरं दुखणं कातडीचं. गुडघ्याच्या आत, पोटरीवर, मांडीच्या आत, जांघेत किंवा बसायच्या हाडांवर कातडी लाल होते, चुरचुरते, मग फोड येतो किंवा सोलवटते. आंघोळीचं पाणी लागलं की आग होते. हे दुखणं ‘सवयीनं’ जात नाही. त्याच जागेवर पुन्हा घासलं तर जखम खोल जाते. म्हणून ‘रोज बस, कातडी घट्टी होईल’ हा सल्ला स्नायूंना थोडाफार लागू पडतो, सोललेल्या कातडीला अजिबात नाही.

कातडी सोलते कशानं?

तीन गोष्टी एकत्र आल्या की कातडी सोलते : घासणं, दाब आणि ओल. नुसतं घासलं तर वेळ लागतो. घामानं कातडी भिजली की ती मऊ पडते, कापड तिला चिकटतं आणि प्रत्येक हिसक्याला ओढतं. त्यामुळे एप्रिल-मेच्या वऱ्हाडी उन्हात अर्ध्या तासात जे होतं, ते जानेवारीच्या सकाळी दोन तासांतही होत नाही. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या भुरभुरीत भिजलेल्या पँटवर बसणंही तेवढंच वाईट.

ओल कमी करणं, घासणं कमी करणं आणि दाब एका जागी न पडू देणं, पुढचे सगळे उपाय याच तीन कामांसाठी आहेत.

खोगीर मुलाच्या मापाचं हवं

गावात बहुतेक ठिकाणी एकच खोगीर असतं आणि ते मोठ्या माणसाचं असतं. त्यात मूल बसलं की प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. हे सरकणं म्हणजेच घासणं. मूल खोगिरात नीट बसल्यावर त्याच्यामागे साधारण चार बोटं जागा उरावी. वीतभर उरत असेल तर ते खोगीर त्याच्यासाठी मोठं आहे.

नुसत्या बारदान्यावर किंवा गोधडीच्या घडीवर बसवण्याची पद्धतही दिसते. बारदान्याचं सूत पातळ कपड्यातून टोचतं. गोधडीची घडी थोड्या वेळात सरकते, तिच्या सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुतीवरच मांडी घासते. लग्नाच्या घोडीची जरीची, टिकल्यांची झूल तर शिकण्यासाठी वापरूच नये. ती बघायला असते, बसायला नाही.

जुन्या खोगिरात भरलेला कापूस किंवा केस गोळा होऊन गाठी होतात. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण आता कामाचं नसलेल्या भरण्यासाठी वापरतो, पण खऱ्या खोगिरात भरतीच सगळ्यात महत्त्वाची. हात फिरवून बघा. गाठ, खळगा, बाहेर आलेला खिळा, उसवलेली शिवण लागली तर दुरुस्त करून घ्या. हाताला जे लागतं, ते तासाभरात मांडीला दहापट लागतं.

रिकिबीचा पट्टा आणि त्याचं बक्कल बघायचं बहुतेक जण विसरतात. बक्कल मांडीखाली आलं तर तिथे चिमटा बसतो आणि काळंनिळं पडतं. ते वर, खोगिराच्या कडीपर्यंत ओढून झाकून ठेवा.

रिकीब किती लांब ठेवायची?

माप सोपं आहे. मुलाला घोड्याच्या बाजूला जमिनीवर उभं करा. त्यानं हात सरळ करून बोटांची टोकं पट्टा जिथे खोगिराला अडकतो तिथे टेकवावीत. दुसऱ्या हातानं रिकीब स्वतःकडे ओढावी. ती काखेपर्यंत आली की सुरुवातीसाठी माप बरोबर. वर बसल्यावर थोडं कमी-जास्त करता येतं.

रिकीब फार लांब असेल तर पाय पोहोचत नाही, मूल बोटांनी चाचपडतं आणि सगळं वजन जांघेवर येतं. फार आखूड असेल तर गुडघा वर येतो आणि बूड मागच्या कडेवर आपटतं. दोन्ही बाजूंची लांबी सारखी हवी, नाहीतर एकच मांडी सोलते. एकाच बाजूला सोललं असेल तर पहिल्यांदा रिकिबी मोजा.

पाऊल रिकिबीत चवड्यापर्यंतच जावं. पायात थोडी टाच असलेला बंद बूट हवा. चप्पल किंवा गुळगुळीत तळाचा बूट घातला की पाऊल आरपार जातं आणि मूल पडलं तर पाय अडकून फरफटत जाण्याचा धोका असतो. डोक्याला हेल्मेट तर हवंच.

कपडे : जीन्स नको, सैल चड्डीही नको

जीन्स मजबूत म्हणून घालतात, पण तिची जाड शिवण मांडीच्या आतून आणि जांघेतून जाते, नेमकी जिथे घासतं तिथे. हाफ चड्डीत पोटरी आणि गुडघा उघडा राहतो, रिकिबीचा पट्टा तिथली कातडी ओढतो. सैल पायजमा गोळा होऊन मांडीखाली घड्या पडतात.

चांगलं काय? अंगाला बसणारी, ताणली जाणारी, आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली लांब पँट. शाळेची ट्रॅक पँट अंगासरशी असेल तर चालते, मुलींना जाड लेगिंग चालते. घोडेस्वारीच्या खास पँटला जगभर जोधपूरचं नाव आहे. जोधपूरचे सर प्रताप सिंह १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला इंग्लंडला गेले, तेव्हा तो पेहराव तिकडे लोकप्रिय झाला. मांडीवर मोकळी आणि गुडघ्याखाली घट्ट अशी तिची शिवण होती. ती मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी अडत नाही.

आतला कपडा त्याहून महत्त्वाचा. कडेला रबर असलेली छोटी चड्डी जांघेत रेघ काढते. मांडीवर थोडी खालपर्यंत येणारी, सपाट शिवणीची चड्डी घ्या. मुलग्यांना घट्ट बसणारी, आधार देणारी हवी. मोठ्या मुलींना छातीला आधार देणारा खेळाचा अंतर्वस्त्राचा प्रकार वापरल्यानं दुडकीत त्रास होत नाही. पाळीच्या दिवसांत पॅडची कड घासत असेल तर त्या दिवशी थोडाच वेळ बसावं किंवा सुट्टी घ्यावी. हे मुलीला आधी सांगून ठेवलं तर ती संकोचत नाही.

नवा कपडा एकदा धुऊन मगच घाला. साबण नीट निघालेला असावा. कपड्यात राहिलेली साबणपूड घामात मिसळून चुरचुर वाढवते.

जिथे घासतं तिथे स्वारीच्या आधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. हे मल्लखांबासारखंच आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं ज्या देशी व्यायामांचं नाव मोठं केलं, त्यातल्या मल्लखांबालाही मांड्यांनीच धरावं लागतं, आणि त्या लाकडाला एरंडेल चोळतात ते घासणं कमी व्हावं म्हणूनच. टाल्कम पावडरचा मात्र भरवसा धरू नका. घाम आला की तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात.

मांड : आवळणं म्हणजे पकड नव्हे

मराठीत घोड्यावरच्या बैठकीला ‘मांड’ म्हणतात. पक्की मांड म्हणजे गुडघ्यांनी घोडा चिमटीत धरणं, असा गैरसमज आहे. घाबरलेलं मूल तेच करतं. गुडघे आवळले की मूल वर ढकललं जातं, बूड खोगिरावर आपटतं आणि गुडघ्याच्या आतली कातडी सोलते.

खरी मांड वजनानं बसते. दोन्ही कुल्ल्यांच्या हाडांवर सारखं वजन, पाठ ताठ पण सैल, पाय सैल सोडलेले, टाच खाली. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत आली की मूल बरोबर बसलंय असं समजा. पोक काढून मागे बसलं तर माकडहाडाची जागा सोलते, पुढे झुकलं तर जांघ.

सगळ्यात जास्त सोलतं ते दुडकी चालीत. घोडा दुडकीत चालतो तेव्हा प्रत्येक दोन पावलांना पाठ वर फेकते. त्या तालात एकदा उठायचं, एकदा बसायचं. ही उठबस आधी उभ्या घोड्यावर, मग साध्या चालीत शिकवावी. ती जमेपर्यंत दुडकी नको. भरधाव पळवणं तर त्यानंतरची गोष्ट.

एका घोड्यावर दोन मुलं बसवू नका. मागच्याला खोगीर मिळत नाही, रिकीब मिळत नाही, आणि तो घोड्याच्या कमरेवर बसतो. त्याचंही सोलतं आणि घोड्यालाही त्रास.

घोडा रुंद असेल तर लहान मुलाच्या मांड्या फार फाकतात आणि आतले स्नायू ओढले जातात. लहान मुलांना अंगानं अरुंद, बुटकं तट्टू बरं. उंच मारवाडी घोडा दिसायला देखणा, पण आठ वर्षांच्या पोराचे पाय त्याच्या कुशीपर्यंतही पोहोचत नाहीत.

किती वेळ बसवायचं?

पहिले दोन आठवडे एका वेळी वीस ते तीस मिनिटं, आणि एक दिवसाआड. मधल्या दिवशी खरारा करणं, तंग बांधणं-सोडणं, घोडा हातात धरून चालवणं शिकवा. हेही घोडेस्वारीचंच शिक्षण आहे. काही खुपलं नाही तर दर आठवड्याला पाच-दहा मिनिटं वाढवा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

घरचा धंदाच घोड्याचा असेल तर मूल सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास पाठीवर असतं आणि त्याच्या दुखण्याकडे कोणी बघत नाही. अशा मुलाच्या मांड्या सोलल्या असतील तर त्याला चार दिवस लगाम धरून पायी चालू द्या. घोडं कामावर राहतं आणि कातडीही भरते.

घोड्याची पाठ बघितलीत का?

मुलाचं सोललं की घोड्याची पाठ बघा. जे खोगीर वर बसणाऱ्याला सरकतं, ते खाली घोड्यालाही सरकतं. आणि पाठ दुखणारा घोडा अंग चोरून, आखडून चालतो, त्यामुळे वर बसलेलं मूल आणखी आपटतं. दोघांचं दुखणं एकमेकांना वाढवतं.

मान जिथे पाठीला मिळते, त्या उंचवट्यावर खोगीर टेकता कामा नये. मूल बसल्यावरही तिथे दोन-तीन बोटं मोकळी राहावीत. खोगीर काढल्यावर पाठीवरच्या घामाचा ठसा बघा. सगळीकडे सारखी ओल असेल तर खोगीर नीट बसतंय. मध्येच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथे पूर्वी जखम होऊन गेलेली असते. तंगाखाली, कोपराच्या मागे कातडी चिमटली गेली का तेही बघा.

खोगिराखालचा नमदा किंवा घोंगडी स्वच्छ, कोरडी आणि बिनसुरकुतीची हवी. वाळलेला घाम आणि माती कागदासारखी घासते. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावं. दोनशे किलोच्या तट्टावर चाळीस किलो म्हणजे हद्द झाली. घोड्याच्या पाठीला जखम असेल तर ती भरेपर्यंत खोगीर घालू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही मदत मिळते.

सोललंच तर काय करायचं?

नुसती लाली असेल तर साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, चोळू नका. सैल सुती कपडा घाला. रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. दोन दिवस घोडा बंद.

फोड आला असेल तर फोडू नका. वरची कातडी हीच त्याची पट्टी आहे. आपोआप फुटला तर स्वच्छ पाणी आणि साध्या साबणानं धुऊन जेली लावा, वर न चिकटणारी पट्टी ठेवा आणि रोज बदला.

सोलवटलं असेल तर वरचंच सगळं करा आणि कातडी पूर्ण भरेपर्यंत बसवू नका. दुखणं कमी झालं म्हणजे जखम भरली असं नाही. बोट फिरवल्यावर जागा कोरडी, अखंड आणि न दुखणारी लागली तरच पुन्हा खोगिरावर.

हे मात्र नको

• राख, शेण, चुना, तंबाखू, बॅटरीची पूड, डिझेल यातलं काहीही जखमेवर लावू नका.

• स्पिरिट किंवा डेटॉल न मिसळता थेट ओतू नका. त्यानं उरलेली चांगली कातडीही जळते.

• मेडिकलमधून खाजेचं मलम आपल्या मनानं आणू नका. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन असं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. जांघेत नायटा किंवा गजकर्ण झालं असेल तर त्यानं दोन दिवस बरं वाटतं, मग ते पसरतं आणि साध्या औषधाला दाद देत नाही. जांघेची कातडी पातळ असते, तिथे स्टेरॉइडनं कायमचे वळही उठतात.

• एकाची ओली पँट, टॉवेल किंवा चड्डी दुसऱ्यानं वापरू नये. नायटा असाच पसरतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना?

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात. तबेल्यात वावरणाऱ्या मुलाची कातडी फुटलेली असेल तर हा प्रश्न पहिला विचारायचा. सरकारी वेळापत्रकात ही लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग १६ ते २४ महिन्यांत, ५ ते ६ वर्षांत आणि पुढे १० व १६ व्या वर्षी असते. दहाव्या वर्षाचा डोस शाळा बदलण्याच्या गडबडीत राहून जातो. लसीकरणाचं कार्ड काढून बघा. राहिला असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्रात विचारा. तो मोफत मिळतो.

घोडा असलेल्या घरातल्या प्रत्येकानं, मुलाला काही लागलेलं नसतानाही, हे कार्ड तपासून ठेवावं.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

खालीलपैकी काही दिसलं तर घरचे उपाय थांबवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा :

• लाली पसरत चालली, जागा गरम लागते, पू आला किंवा ताप आला.

• जांघेत अवधाण आलं, म्हणजे दुखरी गाठ उठली.

• केसतूड झालं आणि ते वाढतंय.

• गोल कडेचा, खाजणारा चट्टा आठवडाभरात गेला नाही.

• फार व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट झाली.

• मुलाला मधुमेह आहे आणि जखम भरत नाही.

तीन गोष्टींना मात्र एक तासही थांबू नका. मुलग्याच्या अंडाला एकदम जोरात दुखायला लागलं, सूज किंवा उलटी आली, तर अंड पिळलं गेलेलं असू शकतं. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. मुलगी खोगिराच्या पुढच्या कडेवर आपटली आणि रक्त आलं किंवा लघवी होत नसेल, तर तेही तातडीचं. पडल्यावर शुद्ध हरपली, उलट्या झाल्या किंवा मान-पाठ हलवता येत नसेल तर मुलाला उचलू नका, १०८ ला फोन करा.

विचारल्याशिवाय मुलं सांगत नाहीत

या दुखण्याची जागाच अशी आहे की मुलं लाजतात. मुलगा मित्र हसतील म्हणून गप्प बसतो. मुलगी आईलाही सांगत नाही, कारण सांगितलं तर घोडा बंद होईल ही भीती. जखम आठ दिवस जुनी झाल्यावर, ताप आल्यावर घरात कळतं. तोवर दोन दिवसांचं काम पंधरा दिवसांचं झालेलं असतं.

म्हणून स्वारी झाली की शिकवणाऱ्यानं आणि घरच्यांनी रोज एक साधा प्रश्न विचारावा : ‘कुठं चुरचुरतंय का?’ मुलीला आईनं, मावशीनं किंवा ताईनं विचारावं. ‘हो’ म्हटलं तर हसू नका, रागावू नका आणि ‘आता घोडा बंद’ असंही म्हणू नका. रिकीब मोजा, खोगिरावर हात फिरवा, पँटची शिवण बघा, घोड्याची पाठ बघा. दोन-चार दिवस विश्रांती द्या आणि चूक दुरुस्त करून पुन्हा बसवा. सांगितल्यावर उपाय होतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी मूल पहिल्याच दिवशी सांगतं.